अंगावरचं पित्त आणि थायरॉइड : अँटी-टीपीओ वाढलंय, गोळी सुरू केली तर गांधी थांबतील का?

रानजाई

नमस्कार. वहिनींचे रिपोर्ट समोर ठेवून हा धागा काढते आहे. दोन ठिकाणी दोन वेगळी मतं मिळाली, म्हणून जाणकारांनी आकडे बघून सांगावं ही विनंती.

वय ३६, वजन ५८ किलो. साडेचार महिने जवळजवळ रोज अंगावर गांधी (लालसर, खाजणारे फुगवटे) उठतात. संध्याकाळी सुरू होतात, रात्री वाढतात. कमरेवर नाडी बसते तिथे आणि मांड्यांवर जास्त. एक गांध तीन-चार तासांत विरते, डाग राहत नाही, तोवर दुसरीकडे नवी आलेली असते. दोनदा वरचा ओठ सुजला. श्वासाला त्रास नाही.

रिपोर्ट : टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ६.८, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) मर्यादेत, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज) ४१२ (लॅबची वरची मर्यादा ३४), हिमोग्लोबिन १०.९, एकूण आयजीई (ॲलर्जीशी जोडलेली प्रतिपिंडं) १८.

चालू औषधं : लिव्होसेटिरिझिन ५ मिग्रॅ, पण फक्त पित्त उठल्यावर. रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, तेही ‘पित्तावर’ म्हणूनच. केस गळतात म्हणून बायोटिन १० मिग्रॅ. कंबर दुखली की डायक्लोफेनॅक. दोन महिन्यांत दोनदा स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं, त्यातलं दुसरं रक्त द्यायच्या पाच दिवस आधी. घरात वांगं, अंडं, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ बंद. अंगाला आमसुलाचं पाणी चालू.

थायरॉइडची गोळी सुरू केली तर पित्त थांबेल का? पित्ताचं कारण थायरॉइडच आहे असं धरायचं का? आणि खाण्याच्या पदार्थांचं ॲलर्जी पॅनेल सुचवलंय, ते करावं का?

निरगुडी

रानजाई ताई, तपशील नेमके दिलेत, त्यामुळे बरंच सोपं झालं.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत अंगावर उठणाऱ्या गांधींनाही पित्त म्हणतात आणि घशाशी येणाऱ्या आंबट पाण्यालाही पित्तच. या दोन पित्तांचा एकमेकांशी संबंध नाही. त्वचेत मास्ट पेशी असतात आणि त्यांच्यात हिस्टामिन भरलेलं असतं. त्या उघडल्या की बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते, भोवती लाली येते, खाज सुटते. पँटोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं, त्वचेतल्या मास्ट पेशींवर त्याचं काम नाही. छातीत जळजळ नसेल तर ही गोळी कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ती आडही येते. आमसुलाच्या गार पाण्याने खाज थोडा वेळ शमते, ते लावायला हरकत नाही, पण ते म्हणजे उपचार नव्हे.

सहा आठवड्यांहून जास्त चाललं की ते दीर्घकालीन पित्त. बाहेरचं ठरावीक कारण सापडत नाही तेव्हा त्याला ‘क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया’ म्हणतात. वहिनींचं वर्णन त्यात चपखल बसतं, तरी एक खात्री घरीच करून घ्या. नवीन गांध दिसली की बॉलपेनने तिच्या कडेने वर्तुळ काढा, शेजारी वेळ लिहा आणि फोटो घ्या. २४ तासांनी वर्तुळ रिकामं असेल तर ते साधं पित्त. गांध तिथेच असेल, खाजेपेक्षा दुखणं-जळजळ जास्त असेल आणि जाताना काळपट-जांभळा डाग राहत असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तेव्हा बायोप्सी आणि सी३, सी४ (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या चाचण्या) लागतात. गांधी बहुतेक वेळा दवाखान्यात पोचेपर्यंत विरलेल्या असतात, त्यामुळे हे फोटो डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात.

नाडीच्या रेषेत गांधी येतात ही महत्त्वाची खूण आहे. ज्या डॉक्टरांनी हे विचारलं नसेल त्यांना आपणहून सांगा. पाठीवर बोथट वस्तूने हलकी रेघ ओढायची आणि दहा मिनिटांनी बघायचं. रेघ फुगून वर आली तर घर्षणाने उठणारं पित्तही सोबत आहे. मग नाडीऐवजी रुंद, सैल पट्टा आणि आतले कपडे घट्ट नकोत. दाबाचं पित्त मात्र दाब पडल्यावर चार-सहा तासांनी सुजेसारखं येतं, ते लगेच दिसत नाही.

आता थायरॉइड. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदांनी चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींमध्ये लिम्फ पेशींची दाटी नोंदवली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा तो आजार म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. अँटी-टीपीओ हे त्या हल्ल्याचं रक्तात दिसणारं चिन्ह. दीर्घकालीन पित्ताच्या मोठ्या गटातही मूळ तेच : स्वतःच्या घटकांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मास्ट पेशींना उघडायला लावतात. काही रुग्णांत आयजीई जातीची प्रतिपिंडं थेट टीपीओलाच चिकटतात. काहींत आयजीजी जातीची प्रतिपिंडं मास्ट पेशीवरच्या आयजीईच्या खुंटीलाच (रिसेप्टरलाच) धरतात. दुसऱ्या गटात स्त्रिया जास्त, सोबत थायरॉइड, कोड किंवा चाई यांसारखे स्वप्रतिकाराचे आजार जास्त, एकूण आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ वाढलेलं. वहिनींचा १८ आणि ४१२ हा जोड त्या गटाकडे बोट दाखवतो. ४१२ खरा असेल तर, हे मात्र लक्षात ठेवा. बायोटिन चालू आहे, त्याबद्दल लॅबमधली मंडळी अधिक नेमकं सांगतील.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर : थायरॉइड हे पित्ताचं कारण नाही, दोघांची मुळं एकाच जमिनीत आहेत. म्हणून दोघांचे उपचार स्वतंत्र, दोन्ही पूर्ण आणि शक्यतो एकाच वेळी.

त्वचेच्या उपचारातली सर्वात मोठी चूक म्हणजे ‘उठल्यावर गोळी’. हिस्टामिन एकदा बाहेर पडून त्याच्या स्वतःच्या खुंटीवर बसलं की गोळीला उशीर झालेला असतो. खुंटी आधीच अडवून ठेवायची तर गोळी रोज, ठरल्या वेळी, गांधी असोत-नसोत घ्यावी लागते. लिव्होसेटिरिझिन ५, सेटिरिझिन १०, फेक्सोफेनाडिन १८०, बिलास्टिन २० यांपैकी एकच, रोज, दोन ते चार आठवडे. तेवढ्याने भागलं नाही तर तेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत वाढवता येतं. तीन वेगवेगळी अँटिहिस्टामिन एकत्र करण्यापेक्षा एकाचाच डोस वाढवणं बरं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सेटिरिझिन-लिव्होसेटिरिझिनचा डोस उलट कमी करावा लागतो. फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन ही जुनी औषधं गुंगी आणतात, रोजच्या उपचारात त्यांची जागा आता उरलेली नाही.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दोन दिवस छान वाटतं आणि मग गांधी पुन्हा येतात. फार उग्र झटक्यात दहा दिवसांच्या आत संपणारा गोळ्यांचा छोटा कोर्स समजण्यासारखा आहे. दर महिन्याला इंजेक्शन मात्र नको. साखर, हाडं आणि रक्तदाब, तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

डायक्लोफेनॅक थांबवा. या गटातली वेदनाशामकं पित्ताच्या बऱ्याच रुग्णांत गांधी वाढवतात, ओठाची सूजही. कंबरेसाठी पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून घ्या.

ॲलर्जी पॅनेल करू नका. साडेचार महिने रोज उठणारं पित्त खाण्याच्या ॲलर्जीने येत नाही. खाण्याची ॲलर्जी असली तर तोच पदार्थ पोटात गेल्यावर मिनिटांत ते दोन तासांत त्रास होतो आणि दर वेळी होतो. पॅनेलमध्ये चार पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ निघतात, ते बंद होतात, पित्त चालूच राहतं आणि बाईचं खाणं अर्ध्यावर येतं. १०.९ हिमोग्लोबिन असताना अंडं, शेंगदाणे, डाळ बंद करणं तर उघड नुकसानीचं. हे पदार्थ आजच ताटात परत येऊ द्या.

आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं : जीभ किंवा घसा सुजला, आवाज बदलला, श्वास अडकला, चक्कर आली, तर अँटिहिस्टामिनची वाट पाहत बसू नये. थेट रुग्णालय. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिन दिलं जातं, पहिलं औषध तेच.

सूक्ष्मदर्शी

लॅबच्या बाजूने लिहितो. हे रिपोर्ट आहेत तसे धरून कोणताही निर्णय घेऊ नका. रक्त दिलं तेव्हा आकडे हलवणाऱ्या दोन गोष्टी अंगात होत्या.

पहिली बायोटिन. अनेक यंत्रांवर थायरॉइडच्या चाचण्या स्ट्रेप्टाव्हिडिन (एक प्रथिन) आणि बायोटिन यांच्या घट्ट पकडीवर चालतात. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर ते ही पकड आधीच अडवून ठेवतं. टीएसएचची चाचणी सँडविच पद्धतीची, त्यात आकडा खोटा कमी येतो. फ्री टी४ची चाचणी स्पर्धेच्या पद्धतीची, त्यात खोटा जास्त येतो. ३४ मर्यादा असलेली अँटी-टीपीओची चाचणीही बहुधा स्पर्धेच्याच पद्धतीची असते, म्हणजे तीही खोटी जास्त येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रोजच्या जेवणातून मिळणारं बायोटिन मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्याने काही होत नाही. केसांच्या गोळ्यांमधलं ५-१० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या शेकडो पट.

दुसरी गोष्ट स्टिरॉइड. ते पिट्युटरीतून (मेंदूखालच्या ग्रंथीतून) सुटणारं टीएसएच दाबतं.

म्हणजे दोन्ही गोष्टी टीएसएच खालीच ओढणार. तरीही ६.८ आला. खरा आकडा त्याहून जास्त असण्याची शक्यता आहे, आणि ‘मर्यादेत’ दिसणारा फ्री टी४ प्रत्यक्षात खाली असू शकतो. हे धोक्याच्या दिशेने चुकणारे आकडे आहेत, म्हणून पुन्हा तपासणी टाळू नका.

पुन्हा करताना : बायोटिन किमान दोन दिवस बंद, १० मिलिग्रॅम चालू असल्याने तीन दिवस धरा. केसांच्या ‘मल्टिव्हिटामिन’ गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात बायोटिन असतं, तेही बघा. शेवटच्या स्टिरॉइड इंजेक्शनला चार-सहा आठवडे उलटू द्या. रक्त सकाळी द्या, कारण टीएसएच दिवसभरात हलतं आणि पहाटेकडे जास्त असतं. आधीच्या आकड्याशी तुलना करायची तर वेळ आणि लॅब तीच ठेवा. थायरॉइडची गोळी पुढे सुरू झाली तर तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी४ काही तास वर दिसतं.

अँटी-टीपीओच्या आकड्यांची तुलना दोन लॅबमध्ये करू नका. कोणाची मर्यादा ९, कोणाची ३४, कोणाची ६०. आणि एकदा खात्रीने पॉझिटिव्ह आलं की दर तीन महिन्यांनी ते मोजत बसू नका. ४१२ चं ३०० झालं म्हणून उपचार बदलत नाहीत.

पित्तासाठी म्हणून लागणाऱ्या तपासण्या थोड्याच आहेत : सीबीसी (पेशींच्या वेगवेगळ्या मोजणीसह), ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या चाचण्या), एकूण आयजीई, अँटी-टीपीओ. सोबत टीएसएच. सीबीसीत इओसिनोफिल आणि बेसोफिल (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) फारच कमी असतील तर निरगुडी म्हणतात त्या दुसऱ्या गटाला आणखी दुजोरा. हिमोग्लोबिन १०.९ आहे, म्हणून फेरिटिनही (लोहाच्या साठ्याची चाचणी) करा. केस गळण्याचं कारण तिथेही सापडू शकतं, आणि तसं निघालं तर बायोटिनची गरज उरणार नाही.

काही त्वचारोग विभागांत रुग्णाच्याच सीरमची चाचणी करतात. ०.०५ मिलिलिटर सीरम हाताच्या आतल्या बाजूला कातडीत टोचायचं, शेजारी सलाइन आणि हिस्टामिन. अर्ध्या तासाने सीरमची गांध सलाइनपेक्षा किमान दीड मिलिमीटर मोठी असेल तर पॉझिटिव्ह. अँटिहिस्टामिन दोन-तीन दिवस आधी थांबवावं लागतं, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते.

चंद्रभागा

एक वेगळा मुद्दा मांडते. टीएसएच नॉर्मल पण अँटी-टीपीओ वाढलेलं, अशा पित्ताच्या रुग्णांना थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) दिल्यावर गांधी कमी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. विचार असा की बाहेरून संप्रेरक मिळालं की ग्रंथी शांत होते, तिच्यातून बाहेर पडणारे घटक कमी होतात आणि प्रतिपिंडांचा जोरही ओसरतो. मग वहिनींना गोळी पित्तासाठीही का देऊ नये?

निरगुडी

चंद्रभागा ताई, त्या नोंदी खऱ्या आहेत. पण त्या थोड्या रुग्णांच्या आहेत, आणि अनेकांत तुलनेचा गट नाही. हा आजार स्वतःहून ओसरणारा आहे, बहुतेकांत एक ते पाच वर्षांत. काहीही दिलं आणि सहा महिने थांबलं तर काहींचं पित्त जाणारच, श्रेय मात्र त्या औषधाच्या नावावर पडतं.

शिवाय आपल्याकडचा पाया बघा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत (त्यात मुंबई आणि गोवा होते) ५,३७६ प्रौढ तपासले. सुमारे ११ टक्क्यांना थायरॉइडची कमतरता होती आणि जवळपास २२ टक्क्यांचं अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह होतं. पित्तासाठी न निवडलेल्या सर्वसामान्य लोकांतही इतक्यांत हे प्रतिपिंड सापडतं. म्हणजे पित्ताच्या रुग्णात ते सापडलं की ‘हेच कारण’ म्हणून थांबणं घाईचं होतं. संबंध आहे, पित्ताच्या रुग्णांत हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त मिळतं. पण एका माणसाच्या बाबतीत तो योगायोग की धागा, हे या एका आकड्यावरून कळत नाही.

टीएसएच नॉर्मल असताना फक्त पित्तासाठी थायरॉक्सिन देऊ नये असं माझं ठाम मत आहे. डोस जास्त झाला तर धडधड, वजन घटणं, हाडं विरळ होणं आणि उष्णतेने वाढणारी खाज, हे सगळं पदरी पडतं. थायरॉइड जोरात चाललं की त्वचा गरम आणि ओलसर होते, पित्त त्याने चिघळूही शकतं.

वहिनींचं टीएसएच वाढलेलं आहे, म्हणून गोळीचा प्रश्न थायरॉइडच्या नियमांनी सोडवायचा. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासून १० च्या वर राहिलं तर गोळी. साडेचार ते दहाच्या मधे असेल तर अँटी-टीपीओ, लक्षणं, वय, बाळाचा विचार यांवर ठरतं. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम पाहणीत रहिवाशांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा वाढलेलं टीएसएच आणि प्रतिपिंडं दोन्ही असलेल्या स्त्रियांत वर्षाला सुमारे ४.३ टक्के दराने पूर्ण कमतरता आली. फक्त प्रतिपिंडं असलेल्यांत हा दर निम्म्यावर होता. म्हणून गोळी लागली नाही तरी वर्षातून एकदा टीएसएच बघणं चुकवू नका.

थायरॉइडच्या रुग्णाला होणारं प्रत्येक पुरळ म्हणजे पित्त नव्हे, हेही लिहून ठेवतो, कारण इथेच बऱ्याच जणांचे महिने वाया जातात. कमतरतेत घाम आणि तेल कमी होतं, नडग्या आणि पोटऱ्यांवर कोरड्या भेगांचं जाळं दिसतं, खाज येते पण फुगवटा नसतो. त्याला कोमट पाण्याची छोटी आंघोळ, ओल्या अंगावर लगेच साधं पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीनयुक्त मलम आणि टीएसएच ताळ्यावर आणणं, एवढं पुरतं. कडेने खवलं आणि मध्ये साफ असं वर्तुळ दिवसेंदिवस तिथेच पसरत असेल तर तो नायटा. त्यावर दुकानातलं स्टिरॉइड मिसळलेलं तिहेरी मलम लावलं की वरवर विझतो, आत पसरतो आणि पुढे साध्या औषधालाही दाद देत नाही. ग्रेव्ह्जच्या आजारात (यात थायरॉइड जास्त चालतं) नडगीवर संत्र्याच्या सालीसारखी जाड कातडी येते, बोटाने दाबली तरी खड्डा पडत नाही. कोपर, गुडघे, नितंब यांवर दोन्ही बाजूंना सारखे, आग-खाज होणारे बारीक फोड असतील तर सिलिअॅकशी (ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याच्या आजाराशी) जोडलेला त्वचारोग मनात धरावा. हाशिमोतोच्या रुग्णांत सिलिअॅक इतरांपेक्षा जास्त सापडतो. तिथे गव्हातलं ग्लुटेन बंद करायचं, पण तपासणी झाल्यावर. आधीच बंद केलं तर रक्ताची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि निदान लटकतं.

आणि थायरॉइड जास्त आहे म्हणून कार्बिमाझोल चालू असेल तर खाज-पुरळ त्या गोळीनेही येतं, शंभरात पाचेक जणांना. पुरळ सौम्य असेल तर डॉक्टर अँटिहिस्टामिन जोडतात किंवा औषध बदलतात. पण ताप आणि घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करायचं, कारण पांढऱ्या पेशी कोसळलेल्या असू शकतात.

खलबत्ता

औषधांच्या वेळांचं मी सांगतो. गोळ्या बरोबर असतात, पण चुकीच्या वेळेला पोटात जातात, हे औषधाच्या दुकानात फार दिसतं.

लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू झालं तर : उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर एक तासाने. चहाच्या घोटाबरोबर नको. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. हिमोग्लोबिन बघता वहिनींना लोह मिळणारच, ते दुपारी किंवा रात्री ठेवा. सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी. पण एकदा ठरवलेली वेळ मोडू नका. पँटोप्राझोल बंद झालं नाही तर डोस ठरवताना डॉक्टरांना ते सांगा, पोटात आम्ल कमी असलं की गोळी कमी विरघळते.

सुरुवातीचा डोस अशा सौम्य कमतरतेत बहुधा २५ ते ५० मायक्रोग्रॅम असतो. ग्रंथी पूर्ण थकली तर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५८ किलोला ९० च्या आसपास. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघायचं. त्याआधी बघून डोस हलवला तर आकडा नुसता मागे-पुढे झुलत राहतो. शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरातल्या खिडकीत किंवा फ्रिजवर ठेवू नका. उष्णता, ओल आणि उजेड यांनी गोळीची ताकद जाते. कोकणातल्या पावसाळ्यात बाटलीचं झाकण उघडं राहणं म्हणजे गोळ्या वाया.

अँटिहिस्टामिनचंही वेळापत्रक असतं. बिलास्टिन उपाशीपोटी : जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर, फळांच्या रसाबरोबर नाही. फेक्सोफेनाडिन संत्र्या-मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर शोषण घटतं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पांढरं अँटासिड त्याच सुमारास घेतलं तरी तेच. आणि नेमकं हे अँटासिडच ‘पित्तावर’ म्हणून घरोघरी घेतलं जातं. गांधींवरची गोळी आणि थायरॉइडची गोळी, दोन्ही ते एका घोटात अडवतं. अँटासिड घ्यावंच लागलं तर फेक्सोफेनाडिनपासून दोन तास आणि थायरॉक्सिनपासून चार तास दूर.

संध्याकाळनंतर गांधी वाढतात, म्हणून लिव्होसेटिरिझिन संध्याकाळी सहाच्या सुमारास ठेवणं सोयीचं. सकाळी झापड येत असेल तर डॉक्टरांना सांगून फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनवर जावं.

थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावरच पित्त नव्याने आलं, असं क्वचित घडतं. तेव्हा औषधापेक्षा गोळीतला रंग किंवा भराव यांवर संशय घ्यायचा. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्यांत रंग वेगळे असू शकतात. बिनरंगाची पांढरी ताकद निवडून तिच्या पटीत डोस बसवता येतो, पण गोळी परस्पर बंद करू नका.

मीठ : पित्तासाठी किंवा थायरॉइडसाठी म्हणून रोजच्या जेवणात सैंधव सुरू करू नका, त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. उलट बाजूने, समुद्री शेवाळाच्या आयोडीन-गोळ्याही नकोत. हाशिमोतो असताना जादा आयोडीनने कमतरता वाढते. शिजवलेला कोबी, फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खुशाल खावा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पँटोप्राझोल आणि डायक्लोफेनॅकबद्दल उद्याच डॉक्टरांशी बोलते, बायोटिन आजपासून बंद. दोन गोष्टी राहिल्या. गोळी रोज घेऊन फरक पडतोय की नाही हे मोजायचं कसं? आणि वहिनींचा दुसऱ्या बाळाचा विचार आहे, हे मी आधी लिहायला हवं होतं. त्याने काही बदलतं का?

निरगुडी

मोजायला सोपी वही आहे. रोज रात्री दोन आकडे लिहायचे. २४ तासांत गांधी नाहीत : ०, वीसपेक्षा कमी : १, वीस ते पन्नास : २, त्याहून जास्त किंवा मोठमोठे चट्टे : ३. खाजही तशीच : नाही ०, सौम्य १, त्रासदायक पण सहन होणारी २, झोप-काम बिघडवणारी ३. सात दिवसांची बेरीज ० ते ४२ मध्ये येते. ६ पर्यंत आवाक्यात, ७ ते १५ सौम्य, १६ ते २७ मध्यम, २८ पासून पुढे तीव्र. ओठाची सूज आणि वेदनाशामक घेतल्याचे दिवस बाजूला लिहा. पाळीच्या तारखाही लिहा, काहींत पाळीआधी गांधी वाढतात. दर भेटीला ही वही पुढे ठेवली की डोस वाढवायचा की थांबायचं हे अंदाजाने ठरत नाही.

चौपट डोसवर दोन-चार आठवडे काढूनही बेरीज १६ च्या वरच राहिली तर पुढची पायरी ओमालिझुमॅब (आयजीईला अडवणारं इंजेक्शन) : ३०० मिग्रॅ दर चार आठवड्यांनी कातडीखाली. आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ जास्त असलेल्यांत त्याचा गुण उशिरा येतो किंवा कमी येतो. म्हणून दोन इंजेक्शनांत ‘लागू पडलं नाही’ म्हणून सोडू नये, सहा महिने द्यावेत. तरीही नाही जमलं तर सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), किलोला पाच मिलिग्रॅमपर्यंत, रक्तदाब आणि क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाच्या चाचणीवर) डोळा ठेवून. वहिनींना तिथवर जावं लागेलच असं नाही. त्यांना रोजचा, पूर्ण डोस अजून मिळालेलाच नाही.

पित्त पूर्ण थांबलं की लगेच गोळी सोडू नका. तीन महिने शांत गेल्यावर वाढवलेल्या डोसातली महिन्याला एक गोळी कमी करत या. परत उठलं तर मागच्या डोसावर जायचं.

चंद्रभागा

बाळाच्या विचाराने थायरॉइडची बाजू बदलते, तेवढं मी सांगते. वहिनींचं पुन्हा केलेलं टीएसएच वाढलेलंच निघालं तर दहाची वाट बघायची नाही. गर्भधारणेआधीच गोळी सुरू करून टीएसएच २.५ च्या खाली आणायचं. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर असतं. उलट, टीएसएच पूर्ण नॉर्मल निघालं तर फक्त प्रतिपिंडांसाठी गोळी घेऊन उपयोग दिसत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा स्त्रियांना ५० मायक्रोग्रॅम देऊनही जिवंत बाळांचं प्रमाण वाढलं नाही. निरगुडींच्या मुद्द्याला यातून बळच मिळतं, हे मान्य करते.

गोळी चालू असताना पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबायचं नसतं. आठवड्याच्या सात गोळ्यांच्या नऊ करायच्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट, आणि लगेच टीएसएच. हे डॉक्टरांशी आधीच बोलून कागदावर लिहून घ्या. पुढे गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. बाळंतपणानंतर डोस पूर्वीइतका आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

पित्तासाठी गर्भारपणात लोराटाडिन १० किंवा सेटिरिझिन १० यांचा अनुभव सर्वात जास्त आहे. शक्य तितका कमी डोस, आणि वाढवायचा तर प्रसूतितज्ज्ञांना विचारून. हायड्रॉक्सिझिन सुरुवातीच्या महिन्यांत नको. लोह आणि कॅल्शियम दोन्ही आता मिळतील, तेव्हा खलबत्तांनी सांगितलेलं चार तासांचं अंतर घड्याळ लावून पाळा : थायरॉक्सिन सहाला, नाश्ता सातला, लोह अकराला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत.